बिडी सुटली तरी डॉक्टरांना सांगा

या वेळच्या टपालात पाच पत्रं एकाच गोळीबद्दल निघाली, क्लोझापिन. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हीच गोळी. स्किझोफ्रेनियावरची निदान दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊनही कुणी नसताना ऐकू येणारे आवाज आणि विनाकारण संशय हटत नाहीत तेव्हा सहसा ही गोळी सुरू करतात, म्हणजे ज्या घरात ती पोचते ते घर आधीच खूप सोसून आलेलं असतं. आणि ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते त्यामुळे नीट समजावून सांगणं राहून जातं, माझ्याकडूनही राहतं, ते इथे सांगते. शुभार्थींनी, म्हणजे ज्यांना आजार आहे त्यांनी, आणि शुभंकरांनी, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांनी, दोघांनीही वाचावं.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. क्लोझापिन सुरू होऊन सात आठवडे झाले. आवाज कमी झालेत, परवा स्वतःहून चहा केला त्याने. पण दर सोमवारी रक्त द्यायचं म्हटलं की चिडतो, हातावर निळे डाग पडलेत, पैसेही जातात, आणि रिपोर्ट दरवेळी नॉर्मलच येतो. माझे जावई म्हणाले अमेरिकेत आता ही तपासणी बंद केलीय. मग आम्ही महिन्यातून एकदा केली तर चालेल का? — एक आई, कराड

उत्तर : ताई, पहिल्यांदा तो चहा. सात आठवड्यांत मुलगा उठून स्वतःहून चहा करतो ही माझ्या दृष्टीने रिपोर्टइतकीच मोठी गोष्ट आहे, ती तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता रक्ताचं. नाही, अजून महिन्यावर जाऊ नका. आपल्याकडे साधारण पद्धत अशी की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी, आणि त्यानंतर महिन्यातून एकदा, म्हणजे तुमचे अजून ११ सोमवार राहिलेत. या गोळीने काही थोड्या लोकांमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल नावाच्या, एकदम घसरतात. जंतूंशी लढणाऱ्या याच पेशी, त्या नसल्या की साधा घसा दुखण्याचा आजारसुद्धा जिवावर बेततो. शंभरात एकापेक्षाही कमी जणांना हे होतं, पण होतं ते बहुतेक याच पहिल्या १८ आठवड्यांत, म्हणून तो आकडा.

१९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध नव्याने आलं होतं तेव्हा अशी तपासणी नव्हती, काही महिन्यांत तिथले रुग्ण पांढऱ्या पेशी संपून दगावले आणि बऱ्याच देशांनी औषध मागे घेतलं. पुढे १९८८ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, ज्यांना बाकी कुठल्या औषधाने फरक पडला नव्हता अशा २६८ रुग्णांवरचा, त्यात सहा आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्के लोकांना ठळक फरक पडला आणि तुलनेतल्या जुन्या औषधाने फक्त ४ टक्क्यांना. त्या जोरावर औषध परत आलं, पण रक्ततपासणीच्या अटीवर. तुमच्या मुलाचं बोट धरून जे औषध त्याला बाहेर काढतंय ते या अटीमुळेच आज मिळतंय. आत्महत्येचे प्रयत्न कमी होतात हेही या औषधाबद्दल चांगलं सिद्ध झालंय.

जावईबापूंनी वाचलं ते अर्धं खरं आहे. अमेरिकेने २०२५ मध्ये काढली ती सक्तीची नोंदणी, म्हणजे रिपोर्ट एका यंत्रणेत भरल्याशिवाय मेडिकलवाला गोळी देणारच नाही हा नियम. तपासणी करा हा सल्ला तिथे आजही तसाच आहे.

रिपोर्ट 'नॉर्मल' एवढं ऐकून फाईलला लावू नका, एक हिशेब स्वतः करायला शिका, फार सोपा आहे. टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची एकूण संख्या बघा, न्यूट्रोफिलचे टक्के बघा, गुणाकार करून शंभराने भागा. समजा टोटल काउंट ५२०० आणि न्यूट्रोफिल ५८ टक्के तर झाले ३०१६, छान. समजा टोटल ३८०० आणि न्यूट्रोफिल ३५ टक्के, तर १३३०. आता ३८०० हा आकडा बघून कुणालाही वाटेल की थोडासाच कमी आहे, पण १५०० च्या खाली गेलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, उद्या नाही. १००० च्या खाली तर गोळी थांबवतातच. एका वहीत तारीख आणि हा आकडा लिहीत जा, कारण ३५०० वरून २६०० वरून १८०० अशी उतरती रांग दिसली तर १५०० होईपर्यंत वाट बघायची नसते.

पैशांचं म्हणाल तर लॅबमध्ये फक्त सीबीसी मागा, मोठं पॅकेज नको. सरकारी रुग्णालयातही सीबीसी होते, तिथे चौकशी करा. हातावरच्या डागांसाठी हात आलटून पालटून द्या, सुई काढल्यावर कापूस पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचा, चोळायचा नाही.

आणि मधल्या दिवसांत ताप आला, घसा दुखला, तोंड आलं तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी सीबीसी. पॅरासिटामॉल देऊन घरी बसू नका. पावसाळ्यात तर हे जास्तच, कारण डेंग्यूमध्येसुद्धा पांढऱ्या पेशी घसरतात आणि मग नक्की कशाने घसरल्या हे डॉक्टरांनाच शोधू दे. सुरुवातीच्या दोनेक महिन्यांत ताप आणि सोबत छातीत दुखणं, धडधड, दम लागणं असं काही झालं तर थेट हॉस्पिटल, कारण क्वचित या गोळीने हृदयाच्या स्नायूला सूज येते, वेळेत कळलं तर आवरता येते.

प्रश्न : मॅडम मी घरी बिड्या वळते. मिस्टरांना क्लोझापिन दोन वर्षांपासून आहे, ४०० चा डोस, तब्येत चांगली होती. खोकला फार झाला म्हणून त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी बिडी पूर्ण सोडली, दिवसाला दोन बंडल ओढायचे. आम्हाला आनंद झाला. पण आठ दिवसांपासून दिवसभर झोपतात, उशी लाळेने भिजते, चालताना झोक जातो. गोळी रोजची तेवढीच आहे. बिडी सोडल्यामुळे अंगातली ताकद गेली का? परत थोडी देऊ का? — सोलापूर

उत्तर : बिडी परत देऊ नका. आणि हे उत्तर छापून यायच्या आधी तुम्हाला वेगळं कळवलेलंच आहे की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पण इतर घरांसाठी इथे सविस्तर लिहिते कारण हा प्रकार मी वर्षातून चार-पाचदा बघते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी घरचे म्हणतात की बिडीचा आणि गोळीचा काय संबंध.

संबंध असा आहे. आपलं लिव्हर क्लोझापिन मोडून शरीराबाहेर टाकतं. बिडी-सिगारेटच्या धुरातली काही रसायनं लिव्हरचं हे काम जोरात करायला लावतात, त्यामुळे ओढणाऱ्या माणसाच्या अंगात गोळी पटापट संपते आणि त्याला डोस जास्त लागतो. तुमच्या मिस्टरांचा ४०० चा डोस दोन बंडल बिड्या धरून बसवलेला होता. धूर थांबला, आठवडाभरात लिव्हर आपल्या नेहमीच्या गतीवर आलं, आणि तीच ४०० ची गोळी रक्तात दीडपट किंवा त्याहूनही जास्त साठायला लागली. म्हणून झोप, लाळ, झोक जाणं. आणखी वाढलं तर फिट येऊ शकते, म्हणून थांबायचं नाही. ताकद गेलेली नाही, औषध जास्त झालंय. डॉक्टर डोस कमी करतील, हळूहळू, आणि तुमच्या घरात दोन चांगल्या गोष्टी एकदम होतील, बिडीही सुटेल आणि गोळीही कमी लागेल.

इथे एक बारकावा आहे तो लक्षात ठेवा, हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. म्हणजे तंबाखू मळून खाणारा, मिश्री लावणारा, गुटखा खाणारा माणूस ते सोडतो तेव्हा क्लोझापिनची पातळी अशी चढत नाही (सोडाच, ते वेगळ्या कारणांसाठी). आणि निकोटिनचं च्युइंगगम खाल्लं म्हणून बिडीची जागा भरून निघते असंही नाही, गोळीच्या हिशेबात ते धूर बंदच.

उलटंही होतं. माणूस वॉर्डात भरती असतो, तिथे बिडी बंद, डोस त्याप्रमाणे बसतो, मग घरी येतो आणि एसटी स्टँडवरच पहिली बिडी पेटवतो. दोन-तीन आठवड्यांत आवाज परत यायला लागतात आणि घरचे म्हणतात औषध लागू पडेना. म्हणून सुरू केली तरी सांगा, सोडली तरी सांगा, उपवासाच्या महिन्यात कमी केली तरी सांगा.

असंच आणखी एक-दोन गोष्टींनी औषध अंगात साठतं. जुलाबाला मेडिकलमधून परस्पर आणतात ती सिप्रोफ्लॉक्सासिन, ती क्लोझापिन चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता अजिबात घेऊ नये. खूप कॉफी. आणि न्यूमोनियासारखं मोठं इन्फेक्शन, त्यात लिव्हर मंदावतं.

प्रश्न : गणपतीला आम्ही सगळे गावी गेलो, भावाच्या गोळ्यांचा डबा दादरलाच राहिला. गावात मिळाल्या नाहीत. चौथ्या दिवशी चुलतभाऊ येताना घेऊन आला, आम्ही लगेच रात्री नेहमीच्या ३०० दिल्या. पहाटे भाऊ न्हाणीघरात चक्कर येऊन पडला, कपाळाला टाके पडले. आता बरा आहे. आमचं काय चुकलं? — एक बहीण, मुंबई

उत्तर : चुकलं ते एवढंच की तुम्हाला हा नियम कुणी सांगितला नव्हता. गोळी ४८ तासांपेक्षा जास्त चुकली की नेहमीच्या डोसवर परत जायचं नाही. पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून, म्हणजे २५ च्या अर्ध्या गोळीपासून सुरू करायचं आणि डॉक्टर सांगतील तसं चढवत न्यायचं. कारण क्लोझापिनने रक्तदाब खाली येतो, शरीराला त्याची सवय हळूहळू झालेली असते म्हणून रोज ३०० घेऊनही तुमचा भाऊ ताठ उभा राहायचा. दोन-तीन दिवसांत ती सवय मोडते. मग ३०० एकदम म्हणजे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ३०० दिल्यासारखं, कुणीही डॉक्टर ते करणार नाही. टाक्यांवर निभावलं हे बरंच झालं. एखादी वेळ चुकली असेल, म्हणजे काल रात्रीची राहिली आणि आज सकाळी आठवलं, तर डबल घ्यायची नाही, पुढची आपल्या वेळेला घ्यायची.

आणि एकदम बंद पडल्यावर नुसता जुना आजार डोकं वर काढतो असं नाही, घाम, मळमळ, जुलाब, झोप उडणं, प्रचंड अस्वस्थता असं दोन-तीन दिवसांतच येऊ शकतं. घरी गणपती, पाहुणे, आरत्यांचा आवाज, त्यात माणूस अस्वस्थ, म्हणजे भाऊ त्या तीन दिवसांत किती सोसत असेल, त्याला एकदा विचारा.

गावी जाताना गोळ्या दोन बॅगांत विभागून न्या, एक स्ट्रिप भावाच्या खिशात. प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये. ही गोळी तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवतातच असं नाही, त्यामुळे तिथे मिळेल या भरवशावर निघू नका. निघालाच आणि राहिलीच, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, चौथ्या नाही.

प्रश्न : मुलगी आजार मान्यच करत नाही. म्हणून आम्ही सहा महिने क्लोझापिन वरणात कालवून देतो. रक्ताला 'मलेरियाची तपासणी' म्हणून नेतो. फरक चांगला आहे. तिला कधी सांगावं? — वडील, अमरावती

उत्तर : दादा, हे तुम्ही कुठल्या हतबलतेतून केलं असेल ते मला कळतं, वर्षभर मुलगी खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही, तेव्हा आईबाप काहीही करतात. म्हणून रागावत नाही. पण हे चालू ठेवू नका असंच सांगेन आणि त्यातही क्लोझापिन तर नाहीच.

एकतर वर लिहिलेलं आणि पुढच्या पत्रात पोटाबद्दल येतंय ते सगळं तिला माहीत असायला हवं. ताप आला तर कळव, संडास झाली नाही तर कळव, हे जिला गोळी चालू असल्याचंच ठाऊक नाही ती काय कळवणार? ती दोन दिवस मैत्रिणीकडे राहिली, वरण खाल्लं नाही, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही पूर्ण डोस कालवला, तर काय होतं ते आधीच्या पत्रात आलंच आहे. दुसरं जास्त खोल आहे. बऱ्याच शुभार्थींचा आजार याच शब्दांत बोलतो की घरचे माझ्या जेवणात काहीतरी घालतात. ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी तो भ्रम राहणार नाही, ते खरंच ठरेल. मग ती घरातलं पाणीसुद्धा प्यायची नाही, आणि आपण तिला चूकही म्हणू शकणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही उपचार समजून घेऊन संमती देणं हा तिचा हक्क मानलाय. जेव्हा ती निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसते तेव्हासाठी कायद्यात रीतसर वाट दिलीय, नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे उपचारांच्या निर्णयात तिला साथ देणाऱ्या ठरवलेल्या माणसाची, ती तुमचे डॉक्टर समजावतील.

उद्यापासून वरणातली गोळी एकदम थांबवू नका, तेही धोक्याचं. आधी तुम्ही दोघं डॉक्टरांना जाऊन भेटा, काही न लपवता सांगा. ती आत्ता बरी आहे, म्हणजे बोलणं समजू शकते, सांगायला हीच वेळ आहे, आणि ते डॉक्टरांसमोर, तुमच्या तोंडून, माफी मागून. आजार हा शब्द नको असेल तर 'तुला झोप लागायला लागली, आवाजाचा त्रास कमी झाला तो या गोळीने' इथून सुरू करता येतं. त्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी स्वतः पेशंट आहे. वय ३१, दूध डेअरीत कामाला, पहाटे चारची ड्युटी. क्लोझापिनने मी माणसात आलो हे खरं आहे. पण झोपेत लाळ येते त्यामुळे कुणाकडे मुक्कामाला जायची लाज वाटते. वजन ११ किलो वाढलं. सकाळी डोळे उघडत नाहीत. आणि पोट साफ होत नाही, चार-चार दिवस. आई इसबगोल देते. हे डॉक्टरांना सांगावं का, क्षुल्लक वाटतं. — सांगली

उत्तर : क्षुल्लक नाही. तुम्ही शेवटी लिहिलंत ते मी सगळ्यात आधी घेते.

रक्ताच्या पेशी घसरण्याची भीती सगळ्यांना माहीत आहे पण क्लोझापिन घेणाऱ्यांत बद्धकोष्ठतेने जाणारे जीव त्याहून कमी नाहीत, उलट जास्त आहेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये याबद्दलचा इशारा मुद्दाम आणखी कडक केला. या गोळीने आतड्यांची हालचालच मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, अडकतं, आतडं फुगतं. मी नवीन होते तेव्हा एका तरुण पेशंटला दर महिन्याला आवाजांबद्दल विचारायचे, झोपेबद्दल, कामाबद्दल. संडासबद्दल कधीच विचारलं नाही. त्याचं ऑपरेशन झालं, आतड्याचा बराच भाग काढावा लागला. तो वाचला. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो विचारताना माझा आवाज मी बारीक करत नाही.

इसबगोल तुमच्यासाठी नाही. इतरांना ते चांगलं, पण ते पाणी शोषून फुगतं, आणि जिथे आतडं ढकलतच नाहीये तिथे फुगलेला गोळा आणखी अडकतो. डॉक्टर तुम्हाला लॅक्टुलोजसारखं मल मऊ करणारं किंवा आतड्याला चालना देणारं औषध देतील, बऱ्याच जणांना ते रोज घ्यावं लागतं, घ्या. पाणी, भाज्या, चालणं हे सगळं हवंच, पण नुसत्या त्यावर थांबू नका. दोन दिवस झाली नाही की कळवायचं. आणि पोट फुगलं, कळा आल्या, उलटी झाली तर डेअरीतून थेट कॅज्युअल्टी, तिथे गेल्या गेल्या सांगायचं की मला क्लोझापिन चालू आहे. तुमच्या चिठ्ठीवर ट्रायहेक्सिफेनिडिल आहे का तेही बघा, आपल्याकडे थरथरीची गोळी म्हणून ती आधीच्या औषधाबरोबर सुरू होते आणि तशीच राहून जाते, क्लोझापिनवर बहुतेकांना तिची गरज उरत नाही आणि पोट मात्र ती आणखी जाम करते. स्वतः बंद करू नका, विचारा.

लाळेसाठी कुशीवर झोपा, उशी थोडी उंच, उशीवर टॉवेल. त्यावर औषधंही आहेत, पण त्यातली काही पोट आणखी बांधतात म्हणून आधी पोट, मग लाळ. वजनासाठी उपाशी राहू नका, या गोळीने भूकच वाढते, तुमचा दोष नाही. दर महिन्याला वजन, आणि शुगर-कोलेस्टेरॉल डॉक्टर सांगतील तेव्हा, ते टाळू नका. वजन आवरायला काही जणांना मेटफॉर्मिन हे डायबेटिसमधलं औषधही देतात. पहाटेच्या ड्युटीबद्दल तर नक्की बोला, रात्री अकराला घेत असाल तर गोळी आठला घेऊन बघता येते का ते विचारा, बऱ्याच जणांना एवढ्यानेच सकाळ हलकी होते. उठताना मात्र आधी दोन मिनिटं पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं, आणि डोळे जड असताना बाईक नको, महिनाभर कुणाच्या तरी मागे बसून जा.

तोंडाने सांगायला अवघड वाटत असेल तर पुढच्या भेटीला हे पान फाडून न्या, इसबगोलच्या ओळीखाली पेनाने रेघ मारा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.